तेलं, बटर आणि मुठेल: घरच्या प्रयोगाच्या नोंदी

२० ऑक्टोबर २०२४

आधी नियम लिहून ठेवते, नंतर घरात वाद नकोत. एका वेळी एका माणसावर एकच तेल. अर्ध्या भागाला लावायचं, अर्धा तसाच सोडायचा, म्हणजे डावा पाय उजवा पाय किंवा डोक्याची एक बाजू, नाहीतर फरक तेलाने पडला की हवा बदलली म्हणून पडला हे कळायला मार्ग नाही. मुंबईत ऑक्टोबरची हीट, मग ती दोन-तीन आठवड्यांची थंडी, मग घाम आणि मग पाऊस, या सगळ्यात एकच क्रीम वर्षभर चालेल असं ज्याला वाटतं त्याने भांडुपला आमच्या चौथ्या मजल्यावर राहून बघावं.

नवीन काहीही आलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रोज दोनदा, आठवडाभर. खाज आली, लाल झालं की बाद. नैसर्गिक आहे म्हणजे रिॲक्शन येणारच नाही हे मला पटत नाही, खाजकुइलीपण नैसर्गिकच आहे.

माणसं: मी (कलर केलेले केस, टोकं कोरडी), आई (टाचांच्या भेगा), दादा (कोंडा), वहिनी (पाचवा महिना, पोटाला खाज). बाबा प्रयोगात नाहीत, ते म्हणाले मला फक्त तळणाचं तेल कळतं.

३१ ऑक्टोबर २०२४

नरकचतुर्दशी. तिळाचं तेल कोमट करून सगळ्यांना लावलं, मग उटणं. दरवर्षी करतो पण यावेळी लक्ष देऊन बघितलं. नुसतं तेल लावून आंघोळ केली की अंग दिवसभर चिकट राहतं आणि साबण लावला की सगळंच धुऊन जातं. उटण्यातली नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद वगैरेची पूड जादाचं तेल शोषून घेते आणि पातळ थर मागे राहतो. अंग मऊ, कपडे खराब नाहीत. वर्षातून चार दिवसच हे का करतो कळत नाही, पहाटे उठावं लागतं म्हणून असेल.

१७ नोव्हेंबर २०२४

मस्जिद बंदरला उतरले, सुक्या मेव्याच्या गल्लीतून बदाम तेलाचा भाव विचारत विचारत पुढे प्रिन्सेस स्ट्रीटपर्यंत चालत. तिथे केमिकलवाल्यांकडे शिया बटर आणि कोको बटर किलोवरही मिळतं. शिया पश्चिम आफ्रिकेतलं, घाना, बुर्किना फासो, नायजेरिया इकडच्या झाडाच्या बियांमधलं. रिफाइंड असेल तर पांढरं आणि जवळपास बिनवासाचं, अनरिफाइंड पिवळट आणि थोडा धुरकट वास. मी अनरिफाइंड घेतलं. आई म्हणाली हे काय गोठ्यात ठेवलेलं तूप आणलंस का.

कोको बटरला मात्र घरात सगळ्यांनी मान दिला, चॉकलेटचा वास येतो ना. ते कडक असतं, ३४ ते ३८ अंशाला वितळतं, म्हणून तोंडात टाकलेलं चॉकलेट विरघळतं आणि हातात धरलेलं थोडा वेळ टिकतं. शिया त्याहून मऊ, बोटाने निघतं. पण शिया हळूहळू थंड झालं की त्यात रवा पडतो, कारण त्यातले वेगवेगळे फॅट वेगवेगळ्या वेळी गोठतात. दुकानातलं आधीच रवाळ होतं. पूर्ण वितळवून भांडं लगेच बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळलं की गुळगुळीत होतं. रवाळ असलं तरी कामाला तेवढंच, फक्त चोळताना खरखर लागते.

दुकानदाराने सोबत लिंबाचं इसेन्शियल ऑइल घ्यायचा खूप आग्रह केला. नाही घेतलं. सालीतून दाबून काढलेलं लिंबाचं तेल अंगावर ठेवून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. बारा वाजता स्टेशनला चालत जाणाऱ्या माणसाला हे परवडायचं नाही.

८ डिसेंबर २०२४

बटर फेटलं. शिया दोन भाग, कोको एक भाग, बदाम तेल एक भाग. पातेल्यात पाणी गरम करून त्यात वाटी ठेवून वितळवलं, फ्रीजमध्ये कडेने गोठायला लागेपर्यंत ठेवलं आणि मग केकच्या बीटरने फेटलं. मस्त फुगलं. यात पाण्याचा थेंब नाही म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही, पण मग डब्यात ओला हात घालायचा नाही, चमचा ठेवलाय. कोरफडीचा गर घाल असं शेजारच्या काकूंनी सांगितलं, तो घातला की पाणी आलं आणि पाणी आलं की बुरशी. व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून घातल्या की झालं असं सगळे समजतात, त्याने तेल लवकर खवट होत नाही इतकंच, बुरशीला त्याचं काही देणंघेणं नाही.

वहिनीने पोटाला लावायला घेतलं. तिला स्ट्रेच मार्क्स नको आहेत आणि कोको बटरने ते येत नाहीत असं तिला तिच्या ऑफिसातल्या सगळ्या बायकांनी सांगितलंय. मी शोधलं तर खऱ्या कोको बटरचं क्रीम आणि तसंच दिसणारं साधं क्रीम अशी तुलना गरोदर बायकांवर करून झालीय, फरक पडला नाही. ते वळ त्वचेच्या खालच्या थरात पडतात, आपण वरून चोळतो. तिला सांगितलं. म्हणाली मग खाज तर कमी होते ना? होते. मग लावू दे की. बरोबर आहे तिचं.

२० डिसेंबर २०२४

प्रयोग काही नाही, पण हे लिहायलाच हवं. परवा, १८ तारखेला, सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की शुद्ध खोबरेल तेल लहान बाटलीत असलं तरी ते खाद्यतेल म्हणून धरता येईल, केसांचं तेल म्हणून विकायला काढलं असेल तरच केसांचं. २०२४ मध्ये खाद्यतेलावर जीएसटी ५ टक्के होता, केसांच्या तेलावर १८. वर्षानुवर्षं हा वाद चालला होता. आमच्याकडे तीच बाटली आई डोक्यालापण लावते आणि शेजारच्या केरळच्या आंटी त्याच तेलात फिश करी करतात, कोर्टाने भांडुपला यायला हवं होतं, एका दिवसात निकाल लागला असता.

१२ जानेवारी २०२५

सकाळी खोबरेल गोठलेलं. २४ अंशाच्या खाली गेलं की गोठतं, म्हणजे मुंबईत थंडी आलीय हे सांगायला आमच्याकडे थर्मामीटर लागत नाही.

केसांचा प्रयोग सुरू. डोक्याच्या डाव्या बाजूला शाम्पूच्या आदल्या रात्री खोबरेल, फक्त कानाच्या खालच्या लांबीला, टाळूला नाही. उजव्या बाजूला काही नाही. हे मी मनाने नाही काढलं. २००३ मध्ये रेळे आणि मोहिले यांचा एक पेपर आला होता, मुंबईचाच, मॅरिकोच्या रिसर्च विभागातला. त्यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल अशी तिन्ही केसांवर लावून केसातलं प्रोटीन किती धुऊन जातं ते मोजलं. धुण्याआधी लावा नाहीतर नंतर, प्रोटीन कमी गेलं ते फक्त खोबरेलाने. आता पॅराशूट विकणाऱ्या कंपनीनेच खोबरेल चांगलं असं सांगायचं म्हणजे माणूस जरा भुवया वर करणारच, मीपण केल्या, पण कारण पटण्यासारखं आहे. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक ॲसिड नावाचं फॅटी ॲसिड असतं, त्याची साखळी छोटी आणि सरळ, ती केसाच्या आत शिरते. बाकीची दोन बहुतेक वरच बसतात. केस पाण्याने फुगतो आणि सुकला की आकसतो, हे परत परत झालं की खवले उचलले जातात, आत तेल असेल तर पाणी कमी शिरतं.

म्हणजे आजी जे न्हाण्याच्या आदल्या रात्री चपचपीत तेल लावायची त्यातलं ‘आदल्या रात्री’ महत्त्वाचं, ‘चपचपीत’ नाही.

२ फेब्रुवारी २०२५

डाव्या बाजूचा गुंता कमी, विंचरताना तुटलेले बारीक तुकडे कमी दिसतात. मुळापासून गळणारे केस दोन्हीकडे सारखेच. हे वेगळं लिहितेय कारण सगळ्यांना तेल हवं असतं ते गळती थांबवायला आणि केस वाढवायला. रोज ५० ते १०० केस गळणं नॉर्मल, महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढ, आणि मोठा ताप किंवा डेंग्यू होऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी पुंजकेच्या पुंजके गळतात, मग माणूस तेल बदलतो, तोपर्यंत गळती आपोआप थांबायची वेळ झालेली असते आणि नाव नव्या तेलाचं होतं. निम्म्या जडीबुटी तेलांचा धंदा यावरच चालत असणार असं माझं मत.

मैत्रीण म्हणाली एरंडेल मिक्स कर, दाट होतात. एरंडेलात ८५-९० टक्के रिसिनोलिक ॲसिड, मधासारखं जाड, धुवायला तीन शाम्पू. आणि २०१७ च्या एका मेडिकल रिपोर्टमध्ये एरंडेल-खोबरेल लावून धुतल्यावर एका मुलीच्या केसांचा असा गोळा झाला की सुटेचना, शेवटी कापावे लागले. असं क्वचितच होतं म्हणा. पण माझे लांब, कलर केलेले, आधीच गुंतणारे. भुवयांना लावते फार तर.

२३ फेब्रुवारी २०२५

वहिनीला मुलगा झाला! घरात आता तेलावर बोलायचा हक्क असलेल्या बायकांची संख्या एकदम वाढलीय.

दादाचा कोंडा. आईचं म्हणणं डोकं कोरडं पडलंय, तेल चोळ. दर रविवारी ती त्याला खाली बसवून गरम तेल चोळते आणि दर मंगळवारी त्याच्या काळ्या शर्टवर परत बर्फ. मी तिला सांगितलं, अगं आई, ते कोरडं नाहीये, उलट तेलकट आहे, पिवळसर चिकट पापुद्रे बघ. कोंड्यामागे मॅलेसेझिया नावाची यीस्ट असते, ती सगळ्यांच्याच डोक्यात असते, तिला स्वतःचं फॅट बनवता येत नाही म्हणून ती आपल्या तेलावर जगते. ११ ते २४ कार्बनच्या साखळीची फॅटी ॲसिडं तिला चालतात आणि खोबरेल, ऑलिव्ह, तीळ, बदाम सगळी बहुतांश त्याच घरातली. आपण रविवारी तिला जेवायला घालतो.

आई म्हणाली तुझ्या आजोबांना कधी कोंडा नव्हता. यावर काय बोलणार.

शेवटी स्किनवाल्या डॉक्टरांकडे नेलं. २ टक्के केटोकोनॅझोल शाम्पू, आठवड्यातून दोनदा, लावून पाच मिनिटं ठेवायचा, आणि टाळूला तेल बंद. रविवारचा कार्यक्रम आईने चालू ठेवलाय, फक्त आता कोरड्या हाताने चोळते. दादाला तेच हवं असतं बहुतेक.

१६ मार्च २०२५

दादाचं डोकं साफ. आईने मान्य केलं नाही पण तेलाची वाटीपण काढली नाही.

टाचा. इथे नियम सोडून दोन्हींची तुलना, डावीला मुठेल, उजवीला शिया. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, कुडाळची मावशी दरवर्षी गोळे पाठवते. बाहेर ‘कोकम बटर’ लिहून छोट्या डबीत चौपट भावाने विकतात. खूप कडक असतं, ३८ ते ४२ अंशाच्या मधे वितळतं, म्हणून नुसतं त्वचेवर घासून काही होत नाही, पळीत गरम करून भेगेत सोडावं लागतं. ते तिथे गोठतं आणि चीर बंद होते, चालताना दुखणं त्याच रात्री कमी झालं. शिया लावलेल्या टाचेची आजूबाजूची कातडी जास्त मऊ पण चिरेत टिकलं नाही.

पण दोन्हीकडे जाड कातडी तशीच. तेल बटर पाणी अडवतात, स्वतः पाणी देत नाहीत, म्हणून आता क्रम असा: कोमट पाण्यात पाय, हलकं घासणं, पुसून ओलसर असतानाच युरियाचं क्रीम, त्यावर मुठेल, मोजे. युरिया जाड थर मऊ करतो. आणि आईला घरातपण चप्पल. शहाबादी फरशीवर अनवाणी फिरायचं आणि मग भेगांना तेल शोधायचं, हे तिने चाळीस वर्षं केलंय.

६ एप्रिल २०२५

बाळाची मालीश. मालीशवाल्या बाई म्हणतात मोहरीचं, वहिनीची आई म्हणते ऑलिव्हचं कारण ते महाग, आमची आई म्हणते खोबरेल. मोहरीचं तेल उंदरांवरच्या अभ्यासात त्वचेचा संरक्षक पडदा बिघडवणारं निघालं, सूर्यफूल सुधारणारं. ऑलिव्हचं २०१३ च्या एका ब्रिटिश अभ्यासात मोठ्या माणसांच्या हाताला लावून बघितलं, तिथेही वरचा थर कमकुवत झाला आणि थोडी लाली आली. दोष तेलातल्या ओलेइक ॲसिडचा, ते जास्त असलं की त्वचेतली चरबीची रचना सैल होते, लिनोलेइक असलेली तेलं उलट मदत करतात. म्हणून सूर्यफूल घ्यायचं तरी ‘हाय ओलेइक’ लिहिलेलं नको.

डॉक्टरांनी खोबरेलाला हो म्हटलं त्यामुळे आमची आई जिंकली. डॉक्टरांनी दुसरंही सांगितलं की नाकात कानात तेल घालायचं नाही, तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. बाईंनी मान डोलावली. वहिनी तरी मालीश होईपर्यंत तिथून हलत नाही.

२० एप्रिल २०२५

चेहरा, पटकन. माझ्या कपाळावर केसांच्या कडेने बारीक पुळ्या. याला पोमेड ॲक्ने म्हणतात, १९७० मध्येच अमेरिकन त्वचातज्ज्ञांनी नोंदवलंय, केसांचं तेल कपाळावर उतरतं आणि छिद्रं बुजतात. उशीचा अभ्रा दर तेलानंतर बदलायचा आणि वेणी घालून झोपायचं. नेटवर जे ० ते ५ आकडे फिरतात, कोणतं तेल किती छिद्रं बुजवतं याचे, त्यांचा उगम सशाच्या कानावरच्या टेस्ट आहेत. माणसाच्या चेहऱ्यावर तसंच होईल असं नाही. तरी खोबरेल आणि कोको त्यात वरच्या नंबरला असतात आणि माझ्या चेहऱ्याने त्या सशाची बाजू घेतली. चेहऱ्याला बटरबिटर नाही.

११ मे २०२५

कुडाळ. मावशीकडे कोकमं काढणं चालू, सगळं अंगण लाल. सालं आमसुलांसाठी उन्हात आणि बिया बाजूला, त्यावरचा गर राखेत चोळून धुवायचा आणि कडकडीत वाळवायच्या. या बियांचं तेल निवांत मिळेल तेव्हा काढतात, पण मी आले म्हणून मावशीने गेल्या वर्षीच्या राखलेल्या बिया काढल्या. फोडून वरचं टरफल पाखडून टाकलं, आतला गर उखळात कुटला, गाऊनच्या बाह्या वर करून मलापण मुसळ दिलं, मग ते पीठ मोठ्या टोपात पाण्यात घालून चुलीवर रटरट उकळत ठेवलं. वास तेलकट, किंचित मातकट. तेल वर येतं, पाणी तपकिरी होतं. रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी वर पिवळसर पांढरी साय गोठलेली, ती काढून पुन्हा वितळवून फडक्यातून गाळली आणि अर्धवट घट्ट होत आली की हातावर घेऊन दाबत दाबत लांबट गोळे. एवढ्या मोठ्या टोपलीभर बियांचे मूठभर गोळे झाले. साधारण पाव भाग तेल असतं बियांत पण हाताने काढताना सगळं कुठलं निघायला.

बाजारात बिया विकणाऱ्यांना भाव काहीच मिळत नाही, असं मावशी म्हणाली, कारखान्यातून तेच तेल साबण, क्रीम, चॉकलेट करणाऱ्यांकडे जातं. मी तिला डबीचा मुंबईतला भाव सांगितला. तिने काही वेळ हिशोब केला आणि म्हणाली, बाय, तू थयच ऱ्हा आणि माझे गोळे वीक.

२६ मे २०२५

आज मुंबईत मान्सून आला, गेल्या ७५ वर्षांत इतक्या लवकर कधी आला नव्हता म्हणतात. आमच्या फेटलेल्या बटरचं एप्रिलमध्येच डब्यात तेल झालं होतं, म्हणून मावशीच्या मुठेलाने नवीन रेसिपी केली, शिया एक भाग, मुठेल एक भाग, बदाम तेल एक भाग, ३४-३५ अंशात घट्ट राहतंय. पण आज हवा अशी दमट की अंगाला काही लावावंसंच वाटत नाही. पावसात घामावर तेलाचा थर म्हणजे घामोळ्या आणि जांघेत खाज. हातापायाला साधं ग्लिसरीन पाण्यात मिसळून, बास. बटर फक्त टाचा, कोपरं, ओठ.

१५ जून २०२५

चुलतबहीण आली होती, कॉलेजला आहे, मानेवर काळपट मखमली पट्टा. तिची आई करंज तेल, लोणी-बेसन, लिंबू सगळं घासून दमली, घासून घासून मान लाल केलीय पोरीची. हा मळ नाही. अशी जाड काळी मान आणि काखा बऱ्याचदा शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही म्हणून होतात. आधी शुगर तपासा आणि डॉक्टरांना दाखवा असं काकूला सांगितलं. काकूला आवडलं नाही, तेल विचारायला आले आणि ही रक्त तपासायला सांगते. पण मुलगी ऐकत होती, तिनेच नंतर मला बाजूला घेऊन कोणती टेस्ट ते फोनमध्ये लिहून घेतलं.

६ जुलै २०२५

शतधौत घृत. साजूक तूप तांब्याच्या पातेल्यात घेऊन गार पाणी घालून तळहाताने फेसायचं, पाणी ओतून टाकायचं, नवीन घालायचं, असं शंभरदा. मी मोजणं अर्ध्यात सोडलं, वहिनीने हात बदलला, मग दादाने, बाळ शेजारी पडून बघत होतं. हळूहळू तुपाचा रवा जातो, रंग पांढरा होतो आणि वास जवळजवळ संपतो. शेवटी जे झालं ते क्रीमच आहे, हाताला गार लागतं, चटकन पसरतं, शियासारखं चिकट नाही. दादाचा हात गेल्या आठवड्यात कुकरच्या वाफेने भाजला होता, जखम नव्हती, आता कातडी कोरडी होऊन ताणत होती, तिथे लावलं तर ताण गेला म्हणाला. ताज्या भाजण्यावर लावायचं नाही, तिथे फक्त वाहतं गार पाणी.

यात पाणी अडकून राहतं त्यामुळे या हवेत बाहेर ठेवलं तर बुरशी येणार, थोडंच केलंय आणि फ्रीजमध्ये ठेवलंय. डबीवर मोठ्या अक्षरात ‘खायचं नाही’ लिहिलं, तरी आज सकाळी त्यात चमच्याची खूण होती आणि बाबा म्हणाले यावेळचं लोणी काही खास नाही.